ईदनंतरची सहल : गर्दी नसलेले जंगल शोधताना

बाशी ईदच्या संध्याकाळी शीरखुर्म्याचे पातेले अजून अर्धे शिल्लक होते आणि आम्ही बॅगा बांधत होतो. सासूबाईंना हे अजिबात पसंत नव्हते. "ईदच्या दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला येतात आणि तुम्ही घराला कुलूप लावून जंगलात चाललात? लोक काय म्हणतील?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय शव्वालचे सहा रोजे त्या दरवर्षी लगेच सुरू करतात, तेही यंदा पुढे ढकलावे लागणार होते. तरीही आम्ही निघालो, आणि त्यांनाही सोबत घेतले. का, ते सांगते.

माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. शाळेत जातो, मोजके बोलतो, आकडे त्याला फार आवडतात. पण एकाच वेळी खूप माणसे, खूप आवाज त्याला सहन होत नाहीत. कुकरची शिट्टी झाली तरी तो कान झाकतो. ईदच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरले की तो पलंगाखाली जाऊन बसतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. दोन तास गाड्यांच्या रांगेत, मग पॉइंटवर धक्काबुक्की, भोंगे, घोडेवाल्यांची हाकाहाक. तो रस्त्यातच बसला आणि स्वतःच्या डोक्यावर हात मारू लागला. भोवती माणसे जमली. कुणी म्हणाले, "मुलाला वळण नाही." एकाने तर मोबाइल काढून चित्रण सुरू केले. दुसऱ्याच दिवशी आम्ही घरी परतलो. येताना माझी मुलगी, ती सातवीत आहे, खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "म्हणजे आता आपण कुठेच जायचं नाही का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधायला वर्ष लागले.

वेळ कोणती?

पहिला प्रश्न जागेचा नाही, वेळेचा आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. यंदा ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली, पुढच्या वर्षी ती आणखी अलीकडे येईल. म्हणजे आता काही वर्षे आपली ईद ऐन वसंतात असणार आहे. हे दिवस सहलीसाठी गैरसोयीचे वाटतात, कारण सगळ्यांच्या घरी वार्षिक परीक्षा तोंडावर असतात. पण याच कारणामुळे पर्यटनस्थळे या दिवसांत ओस असतात. एप्रिल संपता संपता शाळा सुटल्या की मग पाय ठेवायला जागा नसते.

माझी मुले खालच्या वर्गांत आहेत. परीक्षेला तीन आठवडे होते. तीन दिवस शाळा बुडाली तर फार बिघडणार नव्हते. ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे मूल आहे त्यांना हे जमणार नाही, हे मान्य आहे. वारही आम्ही जाणूनबुजून निवडले. रविवारी रात्री निघायचे आणि सोमवार, मंगळवार, बुधवार जंगलात काढायचे. चाँद एक दिवस मागे-पुढे झाला तरी रविवारी रात्रीच्या गाडीला अडचण येणार नव्हती, म्हणून आरक्षण निर्धास्तपणे आधीच करून टाकले.

सहा उद्याने

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. मुलांच्या अब्बांनी वहीत सहा रकाने आखले आणि आम्ही एकेका उद्यानाचा विचार केला. आमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून तो इथे देते.

मुंबईतले बोरिवलीचे संजय गांधी उद्यान सगळ्यांत जवळचे. महानगराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरहून मोठे जंगल आहे, कान्हेरीची लेणी आहेत. रविवारी तिथे जत्रा असते, सोमवारी ते बंद असते. पण मधल्या वारी सकाळी लवकर गेले तर छान शांत असते. आम्ही ते सहलीसाठी नव्हे, तालमीसाठी वापरले. जानेवारीत एका बुधवारी सकाळी धाकट्याला तिथे नेले. झाडांखालून तो दोन तास चालला आणि एकदाही कान झाकले नाहीत. तेव्हा कळले की जंगल त्याला मानवते.

चंद्रपूरचे ताडोबा १९५५ सालचे, राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. वाघ पाहायचा तर ताडोबाच, असे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण म्हणूनच तिथे गर्दी होते. उन्हाळा वाढत जातो तसे पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतो आणि त्याच्यामागे जिप्सींची रांग लागते. आरक्षण फार आधी करावे लागते, मंगळवारी उद्यान बंद असते. मुलगी ताडोब्यासाठी हट्ट धरून होती. पण वीस गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि मध्ये माझा मुलगा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मी त्या रकान्यावर फुली मारली.

नागपूरजवळचे पेंच आम्हाला बरेच आवडले. मध्य प्रदेशाच्या बाजूपेक्षा महाराष्ट्राची बाजू निवांत आहे. २०२४ मध्ये त्याला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे रात्री तिथे कृत्रिम उजेड कमी असतो आणि तारे स्वच्छ दिसतात. नागपूरहून रस्ता सोपा आहे. घरात वृद्ध असतील, लांबचा घाटरस्ता नको असेल, तर पेंच उत्तम. मात्र शहर जवळ असल्यामुळे शनिवार-रविवारी वर्दळ वाढते.

गोंदिया जिल्ह्यातले नवेगाव हे तलावाचे आणि पक्ष्यांचे उद्यान. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून तिथे काम केले आणि आपल्या लेखनातून ते मराठी घराघरांत पोचवले. शांतता भरपूर. पण बाहेरून येणारे पाणपक्षी हिवाळ्यात येतात आणि मार्चअखेर बरेचसे परतलेले असतात. म्हणून नवेगाव डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवले.

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर चांदोली आहे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून त्याचा समावेश आहे. दाट, सदाहरित जंगल, माणसे अगदी कमी. सांगली-कोल्हापूरकडच्या घरांना ते जवळ पडेल. पण अशा गच्च जंगलात प्राणी सहज दिसत नाहीत आणि राहण्याच्या सोयीही मोजक्याच. मुलगी कंटाळली असती.

उरले अमरावती जिल्ह्यातले गुगामल, म्हणजेच मेळघाट. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला हा एक. डोंगर आणि दऱ्या यांमुळे वाघ इथे चटकन दिसत नाही, म्हणून वाघासाठी येणारी गर्दी इथे फिरकत नाही. शेजारी चिखलदरा आहे, सुमारे ११०० मीटर उंचीवर, त्यामुळे मार्चमध्येही रात्री गारवा असतो. आणि आमच्या कल्याणहून अमरावतीला रात्रीची थेट रेल्वे आहे. रकान्यावर बरोबरची खूण झाली. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परतवाड्याच्या पुढे

सकाळी अमरावतीला उतरून गाडी केली. परतवाड्याला नाश्ता केला, फळे, अंडी, पाव, बिस्किटे घेतली. पुढे जंगलात डाळ-भात, भाजी, पोळी एवढेच मिळेल असे आधीच विचारून ठेवले होते. हलालचा प्रश्न असेल तर शाकाहार हाच सोपा मार्ग. नाहीतरी महिनाभर इफ्तारीची तळणे आणि ईदचे जेवण झाल्यावर साध्या डाळ-भाताने सगळ्यांच्या पोटाला आराम पडला.

घाट सुरू झाला तसा पळस दिसू लागला. काही झाडांवर केशरी फुले अजून होती. सागाची पाने गळून गेलेली, त्यामुळे जंगलात लांबवर नजर जात होती. वसंतात जंगलात जाण्याचा हा फायदा आहे. पावसाळ्यानंतरची हिरवाई नसते, पण प्राणी दिसतात. कुसुमाची कोवळी लाल पालवी पाहून सासूबाईंना वाटले झाडाला फुलेच आली आहेत. मोहाचा गोडसर वास त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखला.

पहिली रात्र चिखलदऱ्यात काढली. दुपारी गाविलगड किल्ला पाहिला. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशाह वलीने तो बांधला, पुढे अचलपूरच्या इमादशाहीने बळकट केला आणि १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून जिंकला. आत जुनी मशीद आहे, तोफा आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या दरवाजापाशी सावलीत बसल्या. मुलांचे अब्बा दोघांना घेऊन मशिदीपर्यंत जाऊन आले. धाकट्याने येऊन कमानी किती ते सांगितले. सहाशे वर्षांपूर्वी इथे अजान होत असेल, हे ऐकून मुलगी जरा गप्प झाली. इतिहासाच्या पुस्तकात बहमनी राज्य दोन ओळींत संपते, इथे ते हाताला लागत होते.

संध्याकाळी मात्र एका पॉइंटवर फसगत झाली. तिथे एक मोठी गाडी आली, त्यातल्या तरुणांनी स्पीकर लावला. धाकट्याने कान झाकले, डोलू लागला. गेल्या वर्षीचे सगळे आठवून माझे हातपाय गार पडले. पण या वेळी आमचे आधीच ठरलेले होते. सूर्यास्त पाहायचा राहिला तरी चालेल, ताबडतोब निघायचे. पाच मिनिटांत आम्ही गाडीत होतो, दहा मिनिटांत खोलीवर. तो शांत झाला. बरे-वाईट काही बोलायला भोवती कुणी नव्हते. गर्दी नसण्याचा खरा अर्थ मला तेव्हा समजला. मूल अस्वस्थ झाले तर मागे फिरायला वाट मोकळी असावी लागते.

सेमाडोहची सकाळ

दुसरी रात्र सेमाडोहला वनखात्याच्या निवासात काढली. परतवाडा-धारणी रस्त्यावरचे हे गाव. जवळून सिपना नदी वाहते, पण या दिवसांत तिचे फक्त डोह उरतात. प्राणी त्या डोहांवर येतात.

सफारी सकाळची घ्यायची की दुपारची, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती. याला नमाजचेही कारण होते. सकाळची फेरी उजाडताना निघते, फजर खोलीवरच आरामात होते आणि जोहरच्या कितीतरी आधी माणूस परत येतो. दुपारच्या फेरीत असरची वेळ गाडीत येते आणि जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाही. परतायला मगरीब होऊ लागते. आम्ही शाफई असल्यामुळे प्रवासात जोहर आणि असर एकत्र पढून निघू शकलो असतो. हनफी घरांनी सकाळचीच फेरी घ्यावी किंवा आपल्या आलिमांना आधी विचारून ठेवावे. चार रकातींच्या जागी दोन, ही मुसाफिराची सवलत तर सगळ्यांनाच आहे. किब्ला शोधायला मोबाइलची रेंज नसली तरी अडत नाही. मार्चअखेर सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला मावळतो. त्या दिशेपासून किंचित उजवीकडे वळले की विदर्भातला किब्ला मिळतो.

आम्ही पूर्ण जिप्सी घेतली, अनोळखी माणसांबरोबर वाटून घेतली नाही. खर्च वाढला, पण इथे काटकसर करून चालणार नव्हते. सोबतचा मार्गदर्शक कोरकू तरुण होता. कोरकू ही इथल्या आदिवासींची भाषा. ती मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. त्याला आदल्या दिवशीच मुलाबद्दल सांगितले होते. तो फक्त एवढेच म्हणाला, "काही हरकत नाही ताई, जंगलात आम्हीपण कमीच बोलतो."

इंजिनच्या आवाजासाठी धाकट्याने कानांवर जाड हेडफोन लावले होते. वळणावर गाडी थांबली, इंजिन बंद झाले. समोर रानगव्यांचा कळप होता, मोठे काळे नर, पायांत जणू पांढरे मोजे. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. गवे आमच्याकडे पाहत राहिले, मग सावकाश झाडीत गेले. मुलाने तेवढ्यात हेडफोन काढले होते. कुठून तरी टुक-टुक-टुक असा एकसारखा आवाज येत होता. "तांबट आहे," मार्गदर्शक म्हणाला. मुलगा बोटांवर मोजू लागला. त्र्याण्णवपर्यंत मोजून झाल्यावर तो पक्षी थांबला. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "त्र्याण्णव." नंतर दिवसभर त्याने तो आकडा सगळ्यांना सांगितला.

वाघ दिसला नाही. त्याच्या पंजाचे ठसे दिसले, अस्वलाने खोडावर काढलेले ओरखडे दिसले, सांबर, शेकरू, मोर दिसले. मुलगी खट्टू झाली आणि तिने ते लपवले नाही. तेव्हा मार्गदर्शकाने तिला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे छोटे घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कुणालाच खात्रीने सापडले नव्हते. ते नामशेष झाले असेच धरले जात होते. १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले, आणि मग मेळघाटातही आढळले. डॉ. सालिम अली यांनीही त्याचा शोध घेतला होता, पण त्यांना ते मिळाले नाही. १९८७ मध्ये ते वारले, पुनर्शोध त्यानंतर दहा वर्षांनी लागला. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे चित्रांचे पुस्तक आमच्या घरी आहे. मुंबईच्या मुस्लिम घरातला, आई-वडिलांविना मामाकडे वाढलेला हा मुलगा पुढे देशाचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला, हे मुलीला माहीत होते. "म्हणजे त्यांनासुद्धा नाही दिसला?" तिने विचारले. आणि उरलेला वेळ ती झाडांच्या ढोल्या न्याहाळत बसली.

निघण्याआधी

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. आरक्षण वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. दर, वेळा आणि साप्ताहिक सुट्टीचा वार प्रत्येक उद्यानात वेगळा असतो आणि बदलतोही, म्हणून तिथेच पाहा. सगळ्यांची ओळखपत्रे बरोबर ठेवा. नेहमीची औषधे दुप्पट घ्या, कारण दवाखाना लांब आहे आणि रेंज बेभरवशाची. मैदानात ऊन कडक असते, म्हणून पाणी, टोप्या, सुती आणि मातकट रंगाचे कपडे हवेत. मुक्कामाला दिवसाउजेडी पोचा. जंगलात प्लॅस्टिक टाकू नका, ते आपल्यामागे कुणीतरी कोरकू बाई वाकून उचलणार असते. मेळघाटचे नाव वर्तमानपत्रांत बहुतेक कुपोषणाच्या बातमीत येते. इथल्या माणसांकडून काही विकत घ्यायचे असेल तर घासाघीस करू नका.

आणि माझ्या मुलासारखे मूल घरात असेल तर निघण्याआधी जवळ कुठेतरी एक तालीम करा. पुढचे तीन दिवस कसे असतील ते त्याला चित्रे काढून दाखवा. परत फिरायची तयारी ठेवा. आणि त्याच्यामुळे आपले जाणे होत नाही, असे त्याच्या भावंडांना कधी वाटू देऊ नका. मी एक वर्ष ती चूक केली.

परतल्यावरच्या रविवारी सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना बोलावले. तीन-तीन, चार-चार जणांना वेगवेगळ्या वेळी. ही युक्ती त्यांचीच. पुन्हा शीरखुर्मा झाला. माझ्या नणंदेने विचारले, "बाशी ईदला घर बंद करून कुठे गेला होता?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पोराला जिथं बरं वाटतं तिथं गेलो होतो." धाकटा त्या वेळी पलंगाखाली नव्हता. तो खिडकीत उभा होता आणि समोरच्या पिंपळावरच्या तांबटाचे ठोके मोजत होता. अल्हम्दुलिल्लाह.

मुलीने वहीतल्या ताडोब्याच्या रकान्यावरची फुली खोडून तिथे प्रश्नचिन्ह काढले आहे. मी ते तसेच राहू दिले आहे.